पहिल्या क्रमांकाचे लाभ

साहेबराव खरात गेली अकरा वर्षं पहिले होते. कार्यालयाची ज्येष्ठता यादी दर जानेवारीत निघते आणि दर जानेवारीत वरिष्ठ लिपिकांमध्ये अनुक्रमांक एकवर त्यांचंच नाव असे. त्यांच्या वर होती अधीक्षकाची खुर्ची. ती या काळात चार वेळा रिकामी झाली. एकदा तिच्यावर बदली होऊन कुणी आलं, एकदा कोर्टाची स्थगिती आली, एकदा पदच गोठवलं गेलं आणि पुढं दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन वितळलं, आणि चौथ्या वेळी नेमकं काय झालं ते माहितीच्या अधिकारात अर्ज करूनही कळलं नाही. आईबापांनी हौसेनं नावात 'साहेब' घातला होता, तो सरकारनं नावापुरताच राहू दिला.

अशा माणसाच्या हाती फुटबॉलचे नियम द्यायला नको होते. पण दिले.

त्याचं असं झालं. संभाजीनगरात चार वर्षांपूर्वी मुलींची एक व्यावसायिक लीग सुरू झाली. व्यावसायिक म्हणजे मुलींना सामन्यामागं मानधन आणि मालकांना चौकातल्या बॅनरवर फोटो. एकूण संघ सहा. जो विजेता होईल तो पुढच्या वर्षी राज्याच्या लीगमध्ये जाणार आणि तिथं खेळणाऱ्या मुलींना बाराही महिने पगार मिळणार, एवढं एक खरं आमिष त्यात होतं. साहेबराव तिथं सचिव झाले, कारण सगळ्या मालकांत मिळून एकालाही 'विषय' आणि 'संदर्भ' घालून अर्ज लिहिता येत नव्हता. ऑफसाइड म्हणजे काय हे साहेबरावांना आजही विचारू नये. पण पत्र कुठं पोचवायचं आणि पोच कुणाची घ्यायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

गेल्या वर्षी एका संघानं साखळीतले दहाच्या दहा सामने जिंकले आणि उपांत्य फेरीत चौथ्या क्रमांकाच्या संघाकडून एका गोलानं हरून तो घरी गेला. तीन महिने पहिला आणि दीड तासात बाहेर. त्या संघाची कर्णधार कॉर्नरच्या झेंड्यापाशी बसून रडली. साहेबराव मंडपात खुर्च्या मोजत होते, ते मोजायचे थांबले. अकरा वर्षांत आपल्याला नेमकं असं रडायचं होतं, हे त्यांना त्या पोरीकडं बघून समजलं.

"पहिल्याला काहीतरी मिळालं पाहिजे," ते कार्यकारिणीच्या बैठकीत म्हणाले.

"मग लिहा की," अध्यक्ष म्हणाले आणि बैठक चहाकडं वळली.

साहेबरावांनी दोन महिने लिहिलं. गारखेड्यातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ले जिन्यातून वर येऊ लागले. वरच्या मजल्यावरचा सुदर्शन परदेशी फुटबॉल पहाटेपर्यंत बघून ऑफिसात झोपणारा, त्याचा शब्द अंतिम मानला जाई. तो म्हणाला, "काका, जर्मनीत पहिला आला की किस्सा खतम. प्लेऑफच नाय. सेमी नाय, फायनल नाय."

"मग फायनलचे बॅनर कुठं लावायचे?" साहेबरावांनी विचारलं. जर्मनीत बॅनरचा प्रश्न कसा सोडवतात हे पहाटे दाखवत नाहीत.

साहेबरावांची बायको सत्यभामा कणीक मळता मळता म्हणाली, "पहिल्याला पहिलं आल्याचं काय ते बक्षीस द्या आन् घरी जाऊ द्या. उगं पुन्यांदा कशाला खेळवता?" सगळ्या सल्ल्यांत हा शहाणपणाचा होता, म्हणून त्याची नोंद कुणी घेतली नाही.

शेवटी जो मसुदा झाला तो चौदा पानी होता आणि त्याचं नाव 'पहिल्या क्रमांकाचे लाभ'. त्यात असं होतं की तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या चार संघांनी आधी आपसात लढून दोन उरवायचे. तोवर पहिल्या दोघांना तीन आठवडे विश्रांती. मग उरलेल्या तिघांतून उपांत्य फेरीत कुणाशी खेळायचं ते पहिल्यानं स्वतः निवडायचं. सामना पहिल्याच्या घरच्या मैदानावर, पहिल्याला सोयीच्या वेळी. आणि सामना बरोबरीत सुटला तर पहिलाच पुढं जाणार. इतकं मिळाल्यावर पहिल्यानं हरायचं म्हटलं तरी त्याला मेहनत पडावी, अशी साहेबरावांची कल्पना होती.

त्यात परिच्छेद सहामध्ये एक ओळ होती. प्रतिस्पर्ध्याची निवड संघातल्या वयानं ज्येष्ठ व्यक्तीनं जाहीर करावी. ही ओळ कुणी मागितली नव्हती. जगात कुठंतरी ज्येष्ठतेला मान मिळावा म्हणून साहेबरावांनी ती आपल्या मनानं घातली, आणि लिहून झाल्यावर दोनदा वाचली.

आता अमृताबद्दल सांगायला हवं. अमृता ही साहेबरावांची एकुलती एक मुलगी, वय पंचवीस. गारखेड्याच्या संघानं तिला उंची कमी म्हणून चाचणीतच परत पाठवलं होतं, तेव्हा ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलकडून खेळायची. हर्सूल त्या वेळी पाचवं होतं, म्हणून पहिल्याचे लाभ लिहिताना साहेबरावांच्या मनात ती नव्हती, हे शपथेवर सांगता येईल. पॅथॉलॉजी लॅबमधली नोकरी सोडून तिनं पूर्ण वेळ खेळायचं ठरवलं, तेव्हा साहेबराव नाही म्हणाले नाहीत. त्यांनी फुलस्केप कागद काढला. 'मुदत : ३१ मे. त्या तारखेपर्यंत पगारी संघात निवड न झाल्यास मामांनी वाळूजच्या कंपनीत बोलून ठेवलेली पॅकिंग विभागातील नोकरी स्वीकारणे.' खाली अमृताची सही, साक्षीदार म्हणून सत्यभामाची. एकतीस मे हीच साहेबरावांच्या निवृत्तीची तारीख होती. एका दिवशी दोन फायली बंद करणं त्यांना सोयीचं वाटलं.

आणि त्या वर्षी हर्सूल पहिलं आलं. अमृता कर्णधार, दहापैकी आठ सामने जिंकले, एक बरोबरी, एक हार. पिशोरच्या संघाला तर त्यांनी एकदा पाच आणि एकदा चार गोल मारले.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे आले आणि जिन्यात कुजबुज. बापानं नियम केले, लेक पहिली आली. त्यातून ती गारखेड्यात राहून हर्सूलची, आणि गारखेडा दुसरं. साहेबरावांचे नियम पहिलं आल्यावर काय मिळेल ते सांगत होते, पहिलं येण्यासाठी त्यात एक ओळही नव्हती. पण हा फरक हातात दुधाची पिशवी धरून जिन्यात उभं राहून समजावता येत नाही. साहेबराव दूध आणायला मागच्या गेटनं जाऊ लागले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कार्यालयाच्या पेनानं स्वतःचा रजेचा अर्जसुद्धा लिहिला नव्हता, आणि आता दूधवाला त्यांच्याकडं बघून हसत होता.

पहिला लाभ विश्रांतीचा. एप्रिल-मे महिन्यांतले तीन आठवडे, ऐन लग्नसराई. हर्सूलच्या निम्म्या गोलांवर जिचं नाव होतं त्या प्रेरणाच्या घरी तीन महिने लग्नाची तारीख जमत नव्हती, कारण दर रविवारी सामना. पोरगी सलग तीन आठवडे मोकळी आहे म्हटल्यावर घरच्यांनी दुसऱ्याच आठवड्यातला मुहूर्त धरला. अमृता लग्नाला जाऊन आली आणि बापाला म्हणाली, "तुमच्या विश्रांतीत प्रेरणा नांदेडला गेली."

"परत कधी येणार?"

"बाबा, ती सासरी गेलीय."

साहेबरावांनी चष्मा काढून पुसला. मसुद्यात विवाहाचा विचार झालेला नव्हता. दुसरीकडं गारखेड्याच्या मालकानं विश्रांती या शब्दाकडं लक्षच दिलं नव्हतं; त्याच्या मुली रोज सकाळी सिडकोतल्या कॅनॉट प्लेसपर्यंत पळत होत्या.

त्या तीन आठवड्यांत तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे संघ एकमेकांशी लढले आणि सिडको आणि पिशोर हे दोन उरले. आता हर्सूलनं गारखेडा, सिडको, पिशोर यांतून एक निवडायचा होता. शेंबड्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं पिशोर सांगितलं असतं. पण निवडायचं होतं परिच्छेद सहाप्रमाणे वयानं ज्येष्ठ माणसानं, म्हणजे प्रशिक्षक अप्पारावांनी.

अप्पाराव बत्तीस वर्षं तुरुंगात पहारेकरी होते. इतकी वर्षं खुनी-दरोडेखोरांत काढून त्यांनी कुणालाही अरे म्हटलेलं नव्हतं. माणूस इतका भिडस्त की हॉटेलात चहा गार आला तर फुंकर मारून प्यायचा, म्हणजे पोऱ्याला वाईट वाटू नये. त्यांची लेक पिशोरात दिलेली, जावई पिशोर संघाच्या मालकांकडं, म्हणजे नानासाहेबांकडं कामाला. नातू सिडको संघाच्या मालकांच्या क्लासमध्ये, तोही निम्म्या फीमध्ये. तीन नावांपैकी दोन नावं घ्यायला त्यांची जीभ रेटणार नाही, हे अमृतानं ओळखलं.

"बाबा, निवड कॅप्टननं करावी असा बदल करा ना," ती म्हणाली. "अप्पांना नाही जमणार."

"परिपत्रक निघालंय."

"शुद्धिपत्रक काढा. तुमच्या ऑफिसात दर महिन्याला निघतं."

शुद्धिपत्रकाचा नमुना साहेबरावांना तोंडपाठ होता. दोन ओळींचं काम होतं, आणि मालकांपैकी कुणी वाचलंही नसतं. पण खाली सही खरातांची, फायदा खरातांच्या मुलीला.

"दुसऱ्या कुणाच्या मुलीचा संघ असता तर काढलं असतं," ते म्हणाले.

"म्हणजे मी तुमची मुलगी नसते तर मला न्याय मिळाला असता."

"असं नाही," साहेबराव म्हणाले. पण ते तसंच होतं. अमृता उठून गेली, आणि त्या दिवशी साहेबरावांना स्वतःचा जरा अभिमानच वाटला. हे इथंच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

निवडीच्या आदल्या दिवशी नानासाहेब स्वतः घरी आले. पांढरे कपडे, पांढरी गाडी, बरोबर अद्रकाची पिशवी. सोफ्यावर बसून त्यांनी पाणी घेतलं आणि आवाज खाली आणला.

"खरात साहेब, आमाला निवडा म्हणत नाय, नका निवडू म्हणत नाय. पण चारचौघांत माईकवर आमचं नाव घेतलं तर मतलब काय व्हतो? पिशोर कच्चं हाय. पुढल्या साली मला पंचायत समितीला उभं ऱ्हायचंय."

"मग नाव घेणार नाहीत, नानासाहेब. तसंही होऊ शकतं."

"आन् नाय घेतलं तर लोक म्हणतेल, यांना कुणी मोजतच नाय." नानासाहेबांनी हात जोडले. "तुमी शिकलेले. तुमीच मार्ग काढा. आप्पांच्या जावयाला मी लेकरावानी संभाळतो, तेवढं ध्यानात असू द्या म्हणजे झालं."

भेटवस्तू घेणं नियमात बसत नसल्यानं साहेबरावांनी अद्रकाची पिशवी दाराबाहेर जिन्यात ठेवली. ती तिथंच वाळली. चहाला लागेल तसं दोन-दोन बोटं अद्रक सत्यभामा आत आणत होती, पण ते साहेबरावांना माहीत नव्हतं, किंवा चव ओळखूनही त्यांनी विचारलं नव्हतं.

निवडीचा कार्यक्रम नानासाहेबांच्याच मंगल कार्यालयात झाला, कारण ते फुकट मिळालं. सकाळच्या लग्नाची झेंडूची आरास तशीच होती. टेबलावर साहेबरावांनी तीन नारळ मांडले होते, प्रत्येकावर एका संघाच्या नावाची चिठ्ठी. अप्पारावांनी पुढं यायचं, एक नारळ उचलायचा आणि माईकवर नाव घ्यायचं. चौदा पानांत हा भाग साहेबरावांना सर्वांत देखणा वाटला होता.

अप्पाराव पुढं आले. त्यांचा हात आधी पिशोरच्या नारळावर गेला. पहिल्या रांगेत नानासाहेब हात जोडून हसत होते आणि त्यांच्या शेजारी, मुद्दाम बोलावून आणलेला, अप्पारावांचा जावई पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरत होता. हात सिडकोच्या नारळाकडं सरकला. तिथं क्लासवाले सर मान हलवून ओळख देत होते. साहेबराव सचिवाच्या खुर्चीत बसून मनात 'पिशोर, पिशोर' म्हणत होते, आणि सचिवानं असं म्हणणं योग्य नाही हेही मनात म्हणत होते.

अप्पारावांनी गारखेड्याचा नारळ उचलला.

"पहिल्यानं दुसऱ्यासंगं लढावं," ते माईकवर म्हणाले. "ल्हानांच्या अंगावर जाणं आपल्याला शोभत नाय."

अख्ख्या कार्यक्रमात सर्वांत जास्त टाळ्या याच वाक्याला पडल्या. गारखेड्याच्या मालकाला काय घडलं ते क्षणभर कळेना, मग त्यानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून अप्पारावांना घातला. साखळीत हर्सूलला हरवणारा तो एकच संघ होता. बरोबरीत रोखणाराही तोच. नानासाहेब दाराशी पानसुपारी देताना ज्याला त्याला सांगत होते, "भ्याले आपल्याला. बघितलं ना? नारळाला हात लावून मागं घेतला."

टाळ्या न वाजवलेली एकटी अमृता. ती अप्पारावांपाशी गेली. "अप्पा, पिशोरला आपण पाच गोल मारले होते."

"व्हय गं माय. त्याच्यामुळंच तर." अप्पाराव खरोखर कळवळून म्हणाले. "आजून किती मारायचे त्यांना?"

घरी येताना स्कूटरवर, सेव्हन हिल्सच्या पुलावर साहेबराव मागं बसलेल्या अमृताला म्हणाले, "घरचं मैदान आहे आपलं. आणि बरोबरी पुरते."

घरच्या मैदानासाठी परवानग्या लागत होत्या. हर्सूल तलावाच्या अलीकडचं, एका शाळेचं मैदान. दुसऱ्या कुणी शाळेच्या शिपायाला सांगून खेळून घेतलं असतं. साहेबरावांनी सहा ठिकाणी अर्ज दिले, आणि 'अपेक्षित जमाव' या रकान्यात प्रामाणिकपणे चारशे लिहिलं. दोनशेच्या वर आकडा गेला की एक जादा दाखला लागतो, हे त्यांना तो आकडा लिहिल्यावर समजलं. ज्या कार्यालयात तो दाखला मिळतो तिथल्या बाबूनं नकाशा मागितला.

"आग लागली तर बाहेर पडायचे दरवाजे किती?"

"मैदान आहे साहेब. चारी बाजूंनी मोकळं."

"म्हणजे दरवाजा एकही नाय?"

"दरवाज्याची गरजच नाही. भिंतच नाही."

"भिंत नसू द्या. दरवाजे शून्य लिहिलं तर अर्ज नामंजूर होतो," बाबू म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याच्या जागी साहेबराव असते तर तेही हेच म्हणाले असते. शेवटी साहेबरावांनी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर खोटं लिहिलं. दरवाजे चार. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. लेकीसाठी दोन ओळींचं शुद्धिपत्रक काढायला आड आलेला त्यांचा प्रामाणिकपणा एका बाबूच्या रकान्यासाठी बाजूला झाला, हे घास हातात असताना त्यांच्या लक्षात आलं होतं.

सामन्याची वेळ हर्सूलनं निवडली रविवारी सकाळी सात. उन्हाच्या आत उरकावं म्हणून. हर्सूलच्या त्या भागात नळाला पाणी येण्याचा वार शनिवार होता, म्हणजे रविवारी सगळी वस्ती मोकळी, सगळे ओरडायला येतील. अप्पारावांनी घरोघर सांगून ठेवलं होतं. शनिवारी पाणी आलं नाही. ते आलं रविवारी सकाळी पावणेसातला, आठव्या दिवशी.

ज्याच्या घरी आठव्या दिवशी पाणी येतं तो ते सोडून फुटबॉल बघायला येत नाही. त्यानं येऊही नये. घरच्या मैदानावर घरचे सगळे घरी राहिले, आणि गारखेड्याहून चार टेम्पो भरून माणसं ढोलासकट आली. त्यात साहेबरावांच्या बिल्डिंगमधलेही होते. सुदर्शननं त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि टोपी पुढं ओढून घेतली.

हर्सूलची गोलकीपर तनुजा मैदानावर आली ती सात वाजून दहा मिनिटांनी, कोपरापर्यंत ओली. घरात पाणी भरणारी ती एकटीच. दोन ड्रम, एक टाकी आणि शेजारच्या म्हातारीचे हंडे भरून ती धावत आली होती. हंड्यांच्या काठांनी तिच्या बोटांवर वळ उठले होते. "उद्यापासून आठ दिवस काय पिणार, दीदी?" ती अमृताला म्हणाली, आणि अमृतानं तिचे हात आपल्या जर्सीला पुसले.

वीस मिनिटं हर्सूल चांगलं खेळलं. मग अप्पारावांना शेवटचा लाभ आठवला. बरोबरी पुरते. त्यांनी हातवारे करून सगळ्यांना मागं बोलावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच खेळ शिकवला गेला होता, कुणी पलीकडं जाता कामा नये. सगळ्या मुली गोलसमोर भिंत करून उभ्या राहिल्या. अमृता दोनदा ओरडली, "अप्पा, पुढं जाऊ द्या." अप्पारावांनी तळहात दाखवून थांब म्हटलं. अठ्ठ्याऐंशी मिनिटं कुणी पलीकडं गेलं नाही. साहेबराव मंडपात घड्याळाकडं बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना फुटबॉल समजत होता.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला कुणीतरी लांबून सहज मारलेला चेंडू तनुजाच्या हातात आला, आणि हातात राहिला नाही.

पुढची चार मिनिटं अमृता एकटी पळत होती. चेंडू पुढं कुणाला द्यायचा तर प्रेरणा नांदेडला होती. शिट्टी झाली तेव्हा ती कॉर्नरच्या झेंड्यापाशी जाऊन बसली. ती रडली नाही. तिनं बूट काढले, दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि बूट गळ्यात अडकवून ती मैदानाच्या बाहेर चालू लागली. चारी बाजूंनी मोकळंच होतं. साहेबरावांना उठून तिच्याकडं जायचं होतं, पण सचिवाला निकालाचं पत्रक भरल्याशिवाय जागा सोडता येत नाही. परिच्छेद अकरा. त्यांनी ते सुवाच्य अक्षरात भरलं, आणि मान वर केली तेव्हा ती रिक्षात बसून गेलेली होती.

पुढच्या रविवारी गारखेड्यानं अंतिम सामन्यात पिशोरला सहा गोल मारले आणि राज्याच्या लीगमध्ये जागा मिळवली. मिरवणूक साहेबरावांच्या गॅलरीखालून गेली. बिल्डिंगसमोर ढोल थोडा हळू झाला, तेवढी माणुसकी लोकांत असते. संध्याकाळी सुदर्शन पेढे घेऊन आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला. "काका, नियम पण एक नंबर बनवले होते तुमी," तो म्हणाला. साहेबरावांनी पेढा घेतला. खाल्ला की नाही ते त्यांना आठवत नाही.

एकतीस मेला ते निवृत्त झाले. शाल, नारळ आणि काचेची एक चौकट, तिच्यावर सोनेरी अक्षरात 'सदैव प्रथम'. तीन जूनला कार्यालयातून फोन आला. अधीक्षकाच्या पदोन्नतीचा आदेश निघाला होता, ज्येष्ठता यादीत अकरा वर्षं दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या गृहस्थांच्या नावे. पहिल्याची जागा रिकामी झाल्यामुळं तेच आता पहिले होते. साहेबरावांनी अभिनंदन कळवायला सांगितलं आणि फोन ठेवून ते कपाटापाशी गेले. तो फुलस्केप कागद त्यांनी बाहेर काढला. तो फाडावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. तीन दिवस वाटत होतं.

अमृता टेबलाशी कंपनीचा फॉर्म भरत होती.

"मुदतवाढ देता येईल," ते म्हणाले. "एक वर्ष. मी आताच्या आता लिहून देतो."

अमृतानं वर बघितलं. ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

"दुसऱ्या कुणाची मुलगी असते तर घेतली असती, बाबा," ती म्हणाली आणि पुढचा रकाना भरू लागली. सत्यभामानं स्वयंपाकघरातून हे ऐकलं. ती बाहेर आली नाही. साक्षीदार म्हणून सही केल्याचं तिला फार वाईट वाटत होतं.

सोमवारी सकाळी सहाला साहेबराव तिला कंपनीच्या बसपर्यंत सोडायला गेले. नको म्हणाली होती, तरी गेले. डबा त्यांनी धरला होता. गारखेडा हा बसचा पहिला थांबा. बस आली तेव्हा आत ड्रायव्हरशिवाय कुणी नव्हतं.

"नवीन का ताई?" ड्रायव्हर म्हणाला. "पयला स्टॉप हाय आपला. अख्खी गाडी खाली. कुठं पण बसा, तुमची मर्जी."

अमृता वर चढली. साहेबरावांनी डबा खालून तिच्या हातात दिला आणि खिडक्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले. पुढची खिडकी चांगली, वारा लागतो, असं सांगावं की न सांगावं याचा ते विचार करत होते. ती दोन्हीकडच्या बाकांच्या मधोमध थांबली. मग वळून उघड्या खिडकीपाशी आली.

"बाबा," ती म्हणाली, "नियमानं ज्येष्ठ माणसानं निवडायचं असतं. सांगा, कुठं बसू?"

ती हसत नव्हती, की टोमणाही मारत नव्हती. ती खरंच थांबली होती. साहेबरावांनी तोंड उघडलं. चौदा पानं लिहिलेल्या माणसाला एक शब्द सुचेना. ड्रायव्हरनं एकदा आरशात बघितलं, एकदा घड्याळात बघितलं आणि गिअर टाकला.

बस वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा चाळीसच्या चाळीस जागा रिकाम्या होत्या, आणि अमृता दांडा धरून उभी होती.